दुसरी बाजू सटाण्याची

नाशिकरोडला मीनाची दोन खोल्यांची जागा आहे. त्यातली एक खोली तिची आणि एक तबकड्यांची. तिची वहिनी उज्ज्वला दिवाळीला आली की कमरेवर हात ठेवून त्या खोलीच्या दारात उभी राहते. "वन्सं, एवढे काळे तवे जमवलेत, एकावर तरी भाकरी भाजता येते का?"

"भाकरी नाही भाजत," मीना म्हणते, "पोट मात्र भरतं."

मीना एसटीत कंडक्टर आहे. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटाचं मशीन, आणि डोक्यात सदा कुठलंतरी परदेशी गाणं. सात इंची तबकडी, एका बाजूला एकच गाणं, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं हे गाणं चर्चच्या भजनातून उठून रस्त्यावर आलेलं. सोल म्हणतात त्याला. इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी असलेल्या तिच्या वडिलांनी रेल्वेवाल्यांच्या नाचाच्या हॉलमधून एकदा तशी एक तबकडी घरी आणली. डेलिया मॅक्रे नावाची बाई, पिवळं लेबल. मीना तेव्हा नऊ वर्षांची होती. शब्द एकही कळत नव्हता, पण त्या बाईच्या आवाजातला हुंदका कळला, आणि हुंदक्यामागची आवळलेली मूठही कळली. पुढे वडील गेले. त्याच वर्षी घर बदलताना ती तबकडी मीनाच्याच हातून फरशीवर पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. ते तुकडे अजून कपाटात आहेत. तसली दुसरी तबकडी ती तीस वर्षं शोधते आहे.

पण तिचा खरा नाद चुकलेल्या तबकड्यांचा. लेबल उलटं चिकटलेलं, मधलं भोक सरकलेलं, नाव एकीचं आणि गाणं भलतीचं. कारखान्याने फेकायची ती चुकून बाजारात गेली, कुठल्या बंगल्याच्या माळ्यावर साठ वर्षं पडून राहिली, आणि शेवटी भंगारात आली, अशी तबकडी दिसली की मीनाचा जीव तिथेच अडकायचा. देवळाली कॅम्पचे सगळे भंगारवाले तिला ओळखतात. तबकडी हातात घेऊन ती उन्हात तिरकी धरते. गाणं संपून लेबल सुरू होण्याआधी जो गुळगुळीत काळा पट्टा असतो, त्यावर कारखान्याने सुईने कोरलेला आकडा असतो. तो आकडा वाचायचा. लेबल खोटं बोलेल, आकडा बोलत नाही. हिंदुस्थानात त्या काळी निघालेल्या सात इंची तबकड्यांच्या याद्या तिला तोंडपाठ. मुंबई-पुण्याचे जमवणारे अडलं की तिला फोन करतात.

आणि ह्याच विद्येचा तिला माज आला, त्याची ही गोष्ट आहे.

नाशिक-ताहाराबाद गाडीवर तिची ड्यूटी. बाजाराच्या दिवशी सटाण्याला गाडी गच्च भरायची. तिथेच चढायच्या वत्सलाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात भाजीची पिशवी. गाडी हलली की त्यांचा धाकटा दीर रावजी मागच्या सीटवरून हमखास हाळी द्यायचा, "वहिनी, तुमची तबकडी आली का पार्सलनं?"

सगळी गाडी हसायची. वत्सलाबाई वळून बघायच्या आणि अहिराणीत ठणकावून सांगायच्या, "हसा, हसा! मन्ही तबकडी निंघेल शे. मी खोटं बोलस का?"

गोष्ट अशी होती. वीस वर्षांच्या असताना यात्रेत त्या जात्यावरची गाणी गात होत्या. तबकड्या काढणाऱ्या कंपनीची माणसं यंत्र घेऊन आली होती. त्यांनी वत्सलाबाईंना नाशिकला बोलावून, समोर जातं ठेवून एक गाणं भरून घेतलं. सासऱ्यांना कळलं तसे ते तणतणत कंपनीच्या माणसाकडे गेले. आमच्या घरच्या सुनेचं नाव चहाच्या हॉटेलात वाजणार नाही, म्हणाले. तबकडी आलीच नाही. हळूहळू गाव म्हणू लागलं की गाणं भरलंच नव्हतं, बाईने मनचंच रचलं. साठ वर्षं ही बाई एकटी म्हणत राहिली, निघाली आहे.

मागच्या माघात एका बाजाराच्या दिवशी रावजीने मीनालाच साक्षीला ओढलं. "मॅडम, तुम्हाला म्हणे सगळ्या तबकड्या ठाऊक. सांगा बरं, निघाली का आमच्या वहिनीची?"

गाडीतले पन्नास चेहरे मीनाकडे वळले. तिला वाटलं, आपल्याला विचारलं जातंय. शहाण्या माणसाला विचारतात तसं. आणि ती खरं तेच बोलली, निदान तेव्हा तिला खरं वाटत होतं ते.

"आजी, अशी तबकडी निघालीच नाही. मला सगळ्या याद्या पाठ आहेत."

हशा असा पिकला की ड्रायव्हर राजूने आरशातून मागे पाहिलं. वत्सलाबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. पिशवीतली मेथी सारखी करत राहिल्या. त्यानंतर त्या पुढच्या सीटवर बसेनाशा झाल्या. कुणी चिडवलं तरी उत्तर देईनाशा झाल्या. साठ वर्षांत गावाला जे जमलं नव्हतं ते मीनाने एका वाक्यात केलं.

आषाढात देवळालीच्या भंगारवाल्याने तिला एक खोकं दाखवलं. त्यात डेलिया मॅक्रेची एक तबकडी होती, निळं लेबल, कलकत्त्याला दाबलेली, तशी सहज मिळणारी. मीना ठेवूनच देणार होती. सवयीने उन्हात तिरकी धरली. पहिल्या बाजूचा आकडा बरोबर होता. दुसऱ्या बाजूला लेबल डेलियाचंच, पण आकडा कुठल्याच यादीत नव्हता.

घरी येऊन तिने सुई टेकवली. आधी खरखर. मग ढोल नाही, पियानो नाही, नुसतं जात्याच्या दगडाचं घुमणं, आणि त्यावर एका कोवळ्या, करकरीत गळ्याचा आवाज.

जातं फिरस घरघर, पीठ पडस भुरभुर,
मन्हा गळाना सूर माय, जास कितला दूर...

मीना जमिनीवर बसली ती उठलीच नाही. शेवटच्या कडव्यात त्या मुलीने आपलं नाव गुंफलं होतं, जात्यावर गाणाऱ्या बाया गुंफतात तसं.

कोन गास ते इचारा, वत्सला मन्हं नाव शे,
आरम नदीना थडीले, धाकलंसं गाव शे.

काय झालं असेल ते तिला सरळ दिसलं. कारखान्यात गाण्याचा साचा तयार झाला होता. वरून निरोप आला, गाणं रद्द. यादीत नाव चढलं नाही, लेबल छापलं नाही. पण साचा कुणी मोडला नव्हता. कुणा कामगाराने एखाद्या दुपारी तो चुकून डेलियाच्या साच्यासमोर चढवला आणि यंत्र दाबलं. सासऱ्याने गाणं बंद केलं होतं. चुकीने ते उघडलं.

तिने हौसेने त्या आकड्याचा फोटो जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी, तिच्या सुट्टीच्या दुपारी, मुंबईहून दिनेश दारात हजर. ग्रुपमधला सगळ्यात मोठा जमवणारा. त्याने काखोटीची चपटी पेटी उघडली, आणि मीना वाकून बघू लागली. पिवळं लेबल. डेलिया मॅक्रे. अखंड.

"ही घ्या, मीनाताई. तीस वर्षं शोधताय ना? ही तुमची. ती चुकलेली मला द्या."

मीनाने पिवळ्या लेबलावर नुसतं बोट टेकवलं. वडिलांच्या शर्टाचा कोळशाचा वास आला, असं वाटलं तिला. "तुम्ही तिचं काय करणार?"

"सीलबंद करून ठेवणार. जगात एकच आहे. प्रत्येक वेळी सुई फिरली की झिजते ती. तुम्ही किती वेळा वाजवलीत?"

"अकरा."

दिनेशने कपाळाला हात लावला. "अहो ताई!"

"हे गाणं जिचं आहे ती बाई जिवंत आहे, दिनेशभाऊ. सटाण्याच्या पुढे राहते."

"मग मोबाइलवर भरून घ्या ना, आणि द्या पाठवून त्या आजींना. त्यांना काय, गाणं मिळाल्याशी काम."

"मोबाइलवर आजकाल मेलेला माणूससुद्धा गातो. तिचं गाव म्हणेल, कुणी पोराने बनवलं. साठ वर्षं तिला खोटी म्हणाले. मीही म्हणाले, भर गाडीत. तिला वस्तू दाखवायची आहे, साठ वर्षांपूर्वीची, हातात धरता येईल अशी."

"तिथे धुळीत, धक्क्यात? एक ओरखडा पडला तर संपलं! आणि लेबल तर दुसरीचंच आहे. कोण मानणार?" दिनेश हात जोडून म्हणाला, "ताई, गावातल्या एका म्हातारीसाठी तुम्ही ही सोडणार?"

मीनाने पिवळ्या लेबलाची तबकडी नीट पाकिटात सरकवली, पेटी बंद केली आणि त्याच्यासमोर ठेवली. पेटीची कडी तिने स्वतः लावली.

"ही डेलियासुद्धा कुठल्यातरी गावातली बाईच होती," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मीनाच्या सीटखाली तबकडी वाजवायची एक छोटी पेटी होती. झाकण उघडलं की फिरकी, झाकणातच भोंगा, सेलवर चालणारी. सटाणा स्टँडवर भर दुपारी गाडी लागली, माणसं चढली. वत्सलाबाई शेवटून तिसऱ्या सीटवर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या. रावजीने टोपी सारखी करून सवयीची हाळी दिली, "वहिनी, आज तरी पार्सल?"

"आलंय," मीना म्हणाली.

हसायला निघालेली माणसं मध्येच थांबली.

"राजूभाऊ, इंजिन बंद करा."

"अहो ताई, टायमिंग झालंय!"

"घंटी मी देते ना? मग बंद करा. धक्का चालणार नाही."

राजूने तिच्याकडे पाहिलं आणि चावी फिरवली. मीना वत्सलाबाईंच्या सीटपाशी गेली. पेटी तिने त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, माघात मी ह्याच गाडीत म्हणाले होते, तुमची तबकडी निघालीच नाही. माझी यादी खोटी होती. तुम्ही खऱ्या होतात."

सुई टेकली. खरखर झाली. मग जातं घुमलं.

पहिल्या ओळीला वत्सलाबाईंनी डोळे मोठे केले. दुसऱ्या ओळीला हात पेटीवरून उचलला आणि हवेतच धरून ठेवला, जात्याचा खुंटा धरावा तसा. तिसऱ्या ओळीला त्यांचं तोंड उघडलं. वीस वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याहत्तरची म्हातारी एकाच वेळी गाऊ लागल्या. आवाज एक कोवळा, एक चिरकलेला. पण मुलगी जिथे श्वास घ्यायची तिथेच म्हातारी घ्यायची. तेवढं कुणालाही ऐकू येत होतं.

स्टँडवरचा भोंगा ओरडला, "ताहाराबाद गाडी! कंडक्टर, गाडी का थांबली?" मीनाने खिडकीची काच वर ओढून लावली.

कोन गास ते इचारा, वत्सला मन्हं नाव शे...

सुई उचलली गेली. मागच्या सीटवरून रावजी उठला. तबकडीवर वाकून त्याने लेबल न्याहाळलं, आणि त्याला तिथे काहीतरी सापडलं. "अरे, हे तर इंग्रजीत लिहिलंय! नाव तर कुणा मॅडमचं आहे. वहिनीचं कुठंय?"

वत्सलाबाईंनी मान वर केली. माघापासून मिटलेला आवाज गाडीच्या टपाला लागला. "नाव कागदनं शे, रावजी. गळा मन्हा शे! तुन्हा बापनी तोंड दाबं, तरी दगडमधून निंघना. आते तू दाब पाहू!"

रावजी बसला. त्याच्या शेजारच्या बाईने त्याच्याकडे पाठ केली.

"आखो एक डाव लाव, पोरी," वत्सलाबाई मीनाला म्हणाल्या.

आता तेराव्या वेळेला सुई फिरणार होती. दिनेशचा चेहरा मीनाच्या डोळ्यांपुढे आला आणि गेला. झिजू दे. झिजायलाच असते ती. तिने सुई पुन्हा काठावर ठेवली. ह्या वेळी पुढच्या सीटवरच्या दोन बायाही दुसऱ्या ओळीपासून गुणगुणू लागल्या.

तेवढ्यात स्टँडचा कंट्रोलर स्वतः गाडीच्या दारात आला. घामाने डबडबलेला, हातात कागद. "मॅडम, सात मिनिटं लेट! मी रिपोर्ट करणार. काय कारण लिहू?"

"आणा इकडे, मीच लिहिते."

मीनाने त्याच्या हातातला कागद घेतला, कानामागचं पेन काढलं, आणि उशिराच्या कारणापुढे ठळक अक्षरात लिहिलं: 'वत्सलाबाई गात होत्या.' खाली सही केली. गाणं पूर्ण संपलं, सुई उचलली, तबकडी पाकिटात घालून वत्सलाबाईंच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर ठेवली.

मगच तिने दोरी ओढली. टण, टण.