भुजंगच्या पिकअपमधले दोन वूफर

वारंगा फाट्यावर, उभ्या ट्रकांच्या पलीकडे, सीमाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुपारच्याला तिचा थोरला भाऊ भुजंग पिकअप घेऊन आला. एरवी मेंढरं वाहणारी गाडी आज धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून आली होती. मागं हौद्यात दोन नवे वूफर, बासचे मोठे स्पीकर. पुढं त्याची बायको प्रियंका, मांडीवर निजलेलं लेकरू.

"सीमे, गाण्याची मशीन बंद पडून राहिली. पुसेगावची वरात हाय, पहिलीच सुपारी. नुसतं चालू करून दे."

सीमानं बॉनेट उघडलं आणि वास आला. तापल्या वायरीचा, गोडसर, करपट. बॅटरीजवळ फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारांचा पिळा होता.

"हे काय, दादा?"

"फ्यूज सारखा उडत व्हता. विहिरीवरच्या स्टार्टरला बांधतोच की आपण तार. चालती ना मोटर?"

"तिथंबी चूकच ती. पण विहिरीवर लेकरू निजत न्हाई."

तिनं बॅटरीचं टोक सोडवलं आणि पाना मुठीत धरला. "आता ही गाडी तारेवर हलणार न्हाई."

"वरात थांबल काय तुझ्यासाठी? मला परत कोन बोलवल?"

"मग भांडत बसू नको. मागची ताडपत्री वर कर."

प्रत्येक वूफरला दोन कॉइल, एकेक चार ओहमची. जास्त वाजावं म्हणून भुजंगनं चारी कॉइल शेजारी शेजारी जोडल्या होत्या, लाल लालला, काळी काळीला. सीमानं मीटर लावलं. जेमतेम एक ओहम.

"मशीनला चारच्या खाली झेपत न्हाई, दादा. तू एकावर आणलीस. ती जास्त करंट ओढत राहिली, वायर तापत राहिली. फ्यूज बिचारा उडून सांगत होता, तू त्याचंच तोंड बांधलंस."

सीमा कामाला लागली. एका कॉइलचं काळं टोक दुसरीच्या लाल टोकाला, फुगडीला उभ्या राहिलेल्या दोघींसारखं, एकीच्या हातात दुसरीचा हात. झाले आठ. असे दोन वूफर मग शेजारी शेजारी. झाले चार. बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली. पत्र्याच्या भोकात रबर बसवलं, कड वायरीला कापू नये म्हणून. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून उघडा लखलखीत पत्रा काढला. आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभरावर, खरा फ्यूज.

गाणं लावलं. सनई आली, गळा आला. बास मात्र पार पोकळ.

भुजंग खदखदून हसला. "शेळी खोकून राहिली जनू! काढ बाई तुझं, बांध माझी तार."

सीमाचे कान तापले. तिनं पुन्हा मीटर लावलं. चारच.

"मीटर तर बराबर हाय."

"मग बास काहून न्हाई?"

पाना तिनं मुठीतून सोडला नाही. भुजंगनं वैतागून दोन्ही वूफरच्या पडद्यांवर दोन तळवे टेकले. लहानपणापासून बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवणारे ते तळवे. ते तसेच थांबले.

"सीमे, एक आत जाऊन राहिला अन् दुसरा बाहेर. जोडीतला एक ढोलवाला उलटा पडला की असंच व्हतं."

तिनं मशीन बंद केली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून वायरींच्या टोकांना टेकवला. पहिला वूफर पुढं फुगला. दुसरा आत खचला.

"चूक माझी," ती म्हणाली. "दुसऱ्याची टोकं मीच उलटी लावली. मीटरला उलटं-सुलटं कळत न्हाई."

"मंग माझे हातबी मीटरच की," भुजंग म्हणाला, आणि टोकं बदलायला त्यानंच टॉर्च धरली.

पुन्हा गाणं लागलं. दोन्ही वूफरनी एकदम श्वास घेतला, एकदम सोडला. दुकानाचे पत्रे थरथरले, चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर वळून बघू लागले. लेकरू जागं झालं, रडलं नाही. डोळे मोठे करून कोण आलं ते बघत राहिलं. गाणं संपेस्तोवर सीमाचा हात बॅटरीच्या वायरीवर होता. वायर गार होती.

"आन् वरातीत फ्यूज उडला तर?" भुजंगनं विचारलं.

"गाडी उभी कर, मला फोन लाव. वरात थांबली तर थांबू दे."

पुढच्या शिटावरून प्रियंकाच बोलली, "मी हाय ना गाडीत. ताई, मी तार बांधू देणार न्हाई."

सीमानं तिच्या हातात दोन खरे फ्यूज दिले, भावाच्या नाही.

भुजंगनं चावी फिरवली. "चला," तो बायकोला म्हणाला, "आता मालकीण तुमी."

झेंडूच्या माळा हलल्या आणि गाडी पुसेगावच्या वाटेला लागली.