पेटी सोमवारी उघडते

मी परीक्षा विभागाच्या दाराबाहेरची पत्र्याची पेटी बोलतेय. रडगाणं ऐकवायला आला असाल तर तिकडे बाकावर बसा. माझ्या पोटात तसली ढीगभर पडलीत आणि मला त्यांचा वीट आलाय.

एका पत्रेवाल्याने मोडक्या कपाटाच्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. फट कापताना त्याचा हात घसरला, म्हणून माझी वरची कड धारदार राहिली. घाईघाईत अर्ज कोंबणाऱ्यांना ती ओरखडते. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

माझ्यावर पाटी आहे: ‘खिडकी बंद असल्यास अर्ज पेटीत टाकावेत.’ खिडकी चारला बंद होते.

इथले नियम ऐकून ठेवा, पुढे उपयोगी पडतील. वर्षाला सहा विषय, प्रत्येकाला वीस श्रेयांक. चाळीस गुण मिळाले की श्रेयांक पदरात. नापास झालात किंवा पेपर बुडवलात तर फेरपरीक्षा. पण तिथे अगदी शंभर मिळवलेत तरी नोंद चाळीसचीच. सुटका एकच. आजारपण, अपघात असं खरं कारण असेल आणि अर्ज पाच दिवसांत पोचला, तर ती परीक्षा पहिलीच धरतात आणि पडतील ते गुण पूर्ण मिळतात. असे अर्ज माझ्याकडे येतात.

मला उघडायचा वार सोमवार. का, ते इथल्या कुणालाच ठाऊक नाही. पूर्वीच्या कारकुनांना सगळे भाऊ म्हणत. एक नंबरचा आळशी माणूस. सोमवारी शिक्क्याची तारीख पुढे सरकवायचाही त्यांना कंटाळा, त्यामुळे माझ्यातल्या अर्जांवर शुक्रवारचाच शिक्का बसायचा. त्या आळसावर कितीतरी पोरं तरून गेली, आणि भाऊंना त्याचा पत्ताही नव्हता.

भाऊ निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. वक्तशीर, सरळ, कुणाच्या चहालाही मिंध्या नाहीत. सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे शिक्क्याची तारीख बदलायची. झालं, पोरांचं वाटोळं सुरू झालं.

त्यातलीच एक सुताराची मुलगी. संख्याशास्त्राचा पेपर सोमवारी सकाळी होता, आणि त्याच सकाळी करवतीखाली बापाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती पेपर सोडून दवाखान्यात बसून राहिली. अर्जाची मुदत शुक्रवारची. शुक्रवारी तिचा दुसरा पेपर होता, म्हणून अर्ज घेऊन बाप आला. हाताला हे एवढं बँडेज. मलमपट्टी करून येईपर्यंत साडेचार वाजले होते. खिडकी बंद, वऱ्हांड्यात चिटपाखरू नाही. त्याने पाटी दोनदा वाचली आणि डाव्या हाताने पाकीट माझ्यात सरकवलं. मग माझ्या कडेवरून अंगठा फिरवून पुटपुटला, कानस मारायला हवी होती. जाताना चांगला खुशीत होता बिचारा.

सोमवारी बाईंनी पाकीट काढलं, सोमवारचा शिक्का मारला. मुदतीनंतर आलेला अर्ज, नामंजूर.

बाप खिडकीशी आला. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“काका, पेटीत टाकला म्हणजे पोचला असं नसतं. काढला की पोचला.”

“मग शुक्रवारी काढायचा कोणी?”

“मीच. पण पेटी सोमवारी उघडायची असते.”

तो दाद मागायला परीक्षा समितीपुढे गेला. समितीची खोली माझ्यासमोरच आहे, दार उघडंच असतं. तिथल्या सरांनी फार मायेने विचारपूस केली. हात दुखतो का, झोप लागते का, गोळ्यांनी गुंगी येते का? तो सरळ माणूस, येते म्हणाला. मग सरांनी विचारलं, “म्हणजे दिवस चुकला असेल?”

तो बँडेजकडे बघत राहिला. “असेलही,” म्हणाला.

सरांनी ते लिहून घेतलं. खाली त्याने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. आपल्याच हातून घात झाला, हे त्याला तिथेच पटलं. घरी जाऊन त्याने मुलीला तेच सांगितलं असणार.

मुलीने फेरपरीक्षा दिली. एक्याऐंशी मिळाले, नोंद चाळीसची झाली. बाकी पाच विषय चांगले असूनही सरासरी अठ्ठावन्नवर अडकली. पुढच्या शिक्षणाला साठ लागतात. एक्याऐंशी धरले असते तर पासष्ट होत होती.

गुणपत्रिका न्यायला ती बापाबरोबर आली. तो बाकावर बसला, ती खिडकीशी गेली. गुणपत्रिका हातात घेऊनही ती हलेना.

“मॅडम, बाबा अर्ज घेऊन नक्की कधी आले होते? शुक्रवारी की सोमवारी? मी दोन महिने त्यांच्याशी धड बोललेले नाही.”

बाईंनी नोंदवही काढली, ओळीवर बोट ठेवलं, नीट खात्री करून घेतली.

“सोमवारी.”

तिने मान हलवली आणि बापाकडे न बघता जिना उतरली. तो उठला आणि दोन पायऱ्या अंतर ठेवून तिच्या मागे निघाला.

साडेचारचा तो शुक्रवार मला पक्का माहीत आहे. पण पेटीची साक्ष काढतो कोण? तेव्हा निरोप घेताना एवढंच सांगते: अर्ज टाकायला स्वतः या, घरातल्या कुणाला पाठवू नका. माझ्यावर कुणीच रागावत नाही.