दुसऱ्या नळीचं झाकण

माझा डोळा तपासून झाला तेव्हा दोन वाजले होते. गावी, लाटंबार्स्याला जाणारी बस पाचला. नात सेजल म्हणाली, तोवर माझ्या प्रयोगशाळेत बसा, पण तिथं सगळं स्वच्छ लागतं हां.

तिचं काम तिनं वाटेत समजावलं होतं. आरएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांब ओळ. एक प्रथिन त्यातला ठरावीक मजकूर ओळखून त्याला चिकटतं, हे तिला दाखवायचं होतं. दोन नळ्यांत तोच आरएनए, दुसरीत प्रथिनही. दोन्ही जेलच्या थरातून विजेच्या जोरावर पळवायचे. प्रथिन चिकटलं असेल तर तो आरएनए मागे राहतो. वाचनालयात चाळीस वर्षं काढलेल्या मला हे कळल्यासारखं वाटलं. खरंच कळलं का, सांगता येत नाही.

सेजल जेल आणायला आत गेली. बर्फात ठेवलेल्या दुसऱ्या नळीचं झाकण उघडं दिसलं. हाक मारावी की नको, यातच वेळ गेला. शेवटी पूजेआधी धुतो तसे साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि झाकण बसवलं. बोट झाकणाच्या आतल्या बाजूला लागलं.

मग सवयीनं भिंतीवरचा कागद वाचला. हातमोज्यांशिवाय नळ्यांना हात लावू नये. कातडीवरच्या द्रव्यानं आरएनएचे तुकडे होतात, आणि हात धुऊनही ते पुरतं जात नाही.

सेजल आली. नळ्यांतलं जेलमध्ये सोडून तिनं वीज सुरू केली. तेव्हाच सांगायला हवं होतं. काही झालंही नसेल, असं मी तासभर स्वतःला समजावत राहिलो. चेहरा असा का, डोळा दुखतो का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

पडद्यावर जेलचं चित्र आलं. पहिल्या नळीची रेघ ठसठशीत होती. दुसरीची रेघच नव्हती, तळाशी तुकड्यांचा नुसता फिकट डाग. प्रथिनातच आरएनए तोडणारी घाण उतरली असणार, सेजल पुटपुटली. तीन आठवडे खपून शुद्ध केलेलं ते प्रथिन फेकून द्यायला तिनं फ्रीज उघडला.

"थांब. त्या नळीचं झाकण मी लावलं. हात धुऊन."

"मोजे?"

"नाही गो."

"आजो, पेपरातली जाहिरातसुद्धा सोडत नाही तुम्ही. भिंतीवरचं वाचलं नाहीत?"

"वाचलं. नंतर."

प्रथिन तसंच ठेवून तिनं फ्रीज लावला, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

पाचची बस गेली. काचेतून ती त्याच प्रथिनानं नव्या नळ्या भरताना दिसत होती. प्रथिन खरंच चांगलं असेल ना, की माझ्या शब्दावर ती उगाच विसंबली, हा आता नवा घोर.