धरलेला चेहरा

त्या टीव्ही मालिकेच्या घरात एकानं एखादं खोचक वाक्य टाकलं, की बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. घराची नव्हे, त्या कामाचीच ही रीत. कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून फिरणार, मागाहून त्यावर संगीताचा दणका चढणार, आणि तोवर ज्याच्या चेहऱ्यावर जे असेल ते तसंच राहिलं पाहिजे. दिग्दर्शक ओरडायचे, "धर! धरून ठेव!" आणि मोठी धरून ठेवायची. डोळ्यांत पाणी आणायचं पण गालावर उतरू द्यायचं नाही. ओठ किंचित विलग. मान डावीकडे, कारण तिची तीच बाजू चांगली दिसते असं पहिल्याच वर्षी कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

मोठी म्हणजे मालिकेतली थोरली सून. सात वर्षांत ते नाव तिला असं चिकटलं होतं की भाजीवाल्यापासून सगळे तिला मोठीच म्हणायचे. दाढ काढताना दातांचे डॉक्टरही म्हणाले होते, तुम्हाला काय, सोसायची सवय आहे. घरी खऱ्या सासूबाई संध्याकाळी मालिका बघून डोळे पुसायच्या आणि वर ऐकवायच्या, "तिथे एवढं सोसतेस, इथे मात्र एक शब्द खपत नाही तुला."

मालिका सुरू झाली तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. आता तिची ठकी शाळेत जायला लागली होती. ठकी पोटात असताना पोट दिसू नये म्हणून मोठीला कधी खुर्चीमागे, कधी कुंडीमागे, तर कधी धुण्याच्या टोपलीमागे उभं करून काम उरकलं होतं. मालिकेतल्या मोठीची कूस मात्र रिकामीच. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा ती जिन्यावरून पडली. जिना तोच, आणि ढकलणारी जाऊही तीच. ठकी पहिल्यांदा पालथी झाली त्या दिवशी ही बाई तिकडे बाळ गेल्याचं रडत होती. पालथी झाल्याचं तिला फोनवर कळलं, आणि फोन ठेवून ती परत रडायला उभी राहिली. रडणं छान झालं असं सगळे म्हणाले. त्या कौतुकाचा तिला इतका राग आला होता की घरी जाऊन तिनं कितीतरी वेळ ठकीला खाली ठेवलंच नाही.

कॉलेजात असताना तिनं एका नाटकात दारुडा म्हातारा केला होता. पांढरी दाढी लावून, लंगडत. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले होते. ते हात-पाय, तो आवाज कुठे गेला, हे तिला आता कळेनासं झालं होतं.

अशात एका चित्रपटाच्या चाचणीसाठी बोलावणं आलं, सोबत संवादांचं एक पान. शाळेची बस चालवणारी एक बाई. तिचा भाऊ तुरुंगातून सुटून येतो, आणि तिला त्याला घरात घ्यायचं नसतं. मोठीनं ते पान इतक्यांदा वाचलं की ठकीलाही दोन वाक्यं पाठ झाली. नेमका त्याच आठवड्यात मालिकेचे निर्माते, ज्यांना सगळे दादा म्हणत, पुढच्या दोन वर्षांच्या कराराचं विचारू लागले. चित्रपट मिळाला तर सुटका, नाहीतर आणखी दोन वर्षं मान डावीकडे.

तिनं हे फक्त आत्याच्या कानावर घातलं. आत्या म्हणजे मालिकेतली सासू. पडद्यावर ही बाई सुनेला उपाशी ठेवायची, आणि पडद्यामागे स्वतःच्या डब्यातलं अर्धं तिला वाढायची.

"जा की," आत्या म्हणाली. "पण इथली दोरी कापून जाऊ नकोस. मी कापली होती एकदा. नंतर फोनच वाजेना. वाजला तर कर्ज हवंय का विचारायला."

चित्रपटाचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर होतं. खालून शिलाई यंत्रांची घरघर वर येत होती. खोलीत एक टेबल, छोटा कॅमेरा, भावाची वाक्यं वाचायला एक माणूस, आणि दिग्दर्शिका. तिला तिथे सगळे नुसतं बाई म्हणत होते. मालिकेबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, त्यामुळे मोठीला हायसं वाटलं.

भाऊ म्हणाला, "आई गेली तेव्हा मला कळवलं का नाहीस?"

मोठी थांबली. खाली यंत्रं चालू होती. भाऊ वाट बघत राहिला. बाईंनी हातातल्या पानाकडे पाहिलं आणि हळूच पुढचं वाक्य सुचवलं.

"पाठ आहे मला," मोठी म्हणाली.

"मग?"

पुन्हा सुरुवात झाली आणि पुन्हा तसंच झालं. वाक्य येऊन आदळायचं आणि तिचं अंग आपोआप उभं राहायचं, पाणी डोळ्यांच्या काठाशी येऊन थांबायचं. बाईंनी तिच्या हातात फडकं दिलं. म्हणाल्या, बसची सीट पुसताय असं समजा, पुसता पुसता बोला. तिनं खुर्ची पुसायला घेतली. भाऊ बोलला आणि फडकं जागच्या जागी थिजलं, मान डावीकडे गेली. मान गेल्याचं तिला या वेळी स्वतःलाच कळलं. आपलाच हात आपल्याला न विचारता दुसऱ्याच्या ताटात गेल्यासारखी ती ओशाळली.

बाईंनी कॅमेरा बंद केला आणि भावाला चहा सांगायला खाली पाठवलं.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तो काही बोलला की तुम्ही थांबता, कुणीतरी तुमच्याकडे बघावं म्हणून. या बाईकडे कुणी बघत नाहीये. भाऊ दारात उभाय, त्याला घालवायचंय, आणि मुलांना घरी सोडायला उशीर होतोय. त्या मालिकेतून जरा बाहेर पडा आणि मग या. मात्र शब्द देत नाही."

राग मानू नका म्हटल्यावर मानावाच लागतो. घरी येईपर्यंत तिनं बाईंना मनातल्या मनात धू धू धुतलं. सात वर्षं रोज घराघरांत जाते मी, आणि ही शिंप्याच्या माडीवरची मला शिकवणार! जिना चढेस्तोवर मात्र राग बाईंवरून घसरून स्वतःवर आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

ठकी दारातच होती. वर्गातल्या एका मुलीनं हिचा लाल खडू मोडला, वर तूच मोडलास म्हणाली, आणि शिक्षिकेनंही तिचंच खरं मानलं. जगातला सगळा अन्याय त्या एका खडूत मावला होता. मोठीनं खाली बसून ऐकलं. ऐकून झालं. ठकीनं थोडी वाट बघितली, मग आपले चिकट तळवे आईच्या दोन्ही गालांवर ठेवून चेहरा हलवून पाहिला.

"आई, टीव्हीतल्यासारखी नको ना बघूस. बोल ना काहीतरी."

मोठीनं तिला छातीशी धरलं, केसांत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी ती दादांच्या खोलीत गेली. कंटाळा आलाय, असं तिनं सरळ सांगून टाकलं. दादा मनाचे दिलदार होते. त्यांच्यापाशी प्रत्येक दुखण्यावर औषध तयार असे.

"मग जुळी बहीण आणू," ते म्हणाले. "डबल रोल. ती वाईट. तिला चष्मा देऊ."

नको, म्हणाली ती. त्यापेक्षा मोठीला मारूनच टाका. निदान मरणाचा एक प्रसंग तरी मन लावून करीन. दादांनी हसून मान हलवली. मोठीला मारलं तर लोक दारात येऊन बसतील. मोठी राहणारच. फार तर चेहरा बदलेल.

"दुसरी मुलगी आणू. पंधरा दिवस लोक कुरकुरतात, मग विसरतात," दादा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, धमकी नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

ते वाक्य बरोब्बर जागी लागलं आणि मोठी थांबली. ओठ किंचित विलग, डोळ्यांत काठोकाठ पाणी. दादा सात वर्षं तो चेहरा बघत आले होते. मालिकेतली मोठी असा चेहरा करायची तेव्हा शेवटी नेहमी ऐकायची. त्यांनी उठून तिच्या खांद्यावर थोपटलं.

"चला, ठरलं तर. दोन वर्षं. बरं झालं बोललीस, मन मोकळं झालं."

ते दाराशी जाऊन कुणाला तरी हाक मारणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण काहीच न बोलता हो म्हणून बसलोय.

"नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, कुठल्याच कॅमेऱ्याला न चालणारा. "दादा, नाही. या महिन्याचं काम पुरं करते. पुढे नाही."

बाहेर आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिला न सांगताच कळलं.

"कापलीस ना शेवटी? वेडी आहेस झालं. आता त्या बाईला फोन तरी लाव."

मोठीनं तिथेच पायरीवर बसून फोन लावला. अर्ध्या तोंडावर रंग होता, अर्ध्यावरचा पुसलेला. बाई म्हणाल्या, बसवालीची भूमिका काल दुसरीला दिली.

"काल? अहो, मी आत्ता सगळं सोडून आले, निदान एक फोन तरी..."

"मी म्हटलं होतं, शब्द देत..."

"म्हटलं होतं हो, पण माणूस आशेवर असतं, तुम्हाला काय जातंय..."

दोघी एकदम बोलत होत्या. शेवटी बाईंनीच आवाज चढवला.

"ऐकून तर घ्या. एक शेजारीण आहे. दोनच प्रसंग, त्यात एकात पाठमोरी. दुसऱ्यात तिला..."

"करते."

"अहो, पुरतं ऐका तरी. दुसऱ्यात तिला फक्त..."

"करते म्हटलं ना. कधी यायचं ते सांगा."

बाईंनी दिवस सांगितला. मोठीनं फोन ठेवला. राग काही उतरला नव्हता. काल दिली म्हणे. सात वर्षं थोरली सून, आणि आता पाठमोरी शेजारीण. आत्यानं विचारलं, किती मोठं काम? "पाठीएवढं," ती म्हणाली आणि आत्या पोट धरून हसली. मोठीला हसू आलं नाही.

त्या दिवशी तिचं काम लवकर सुटलं. शाळेच्या फाटकाशी बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली एक कौतुकानं म्हणाली, मोठी, आज इकडे कशा?

"सोडलं मी ते," ती फणकारली. त्या बाईला काही उलगडलं नाही.

घंटा झाली. ठकी दप्तर फरफटवत आली आणि लांबूनच सुरू झाली, "आई, आज ना ती मुलगी परत..."

"आधी नाडी बांध. पडशील," आई मध्येच म्हणाली, आणि स्वतःच खाली वाकली. "हं. परत काय केलं तिनं? खडू द्यायचाच नाही तिला आता. साफ सांगायचं, नाही म्हणून."

"मी सांगितलं!"

"मग? काय म्हणाली?"