तिसरीच्या खोलीचा ठराव

"शाळा म्हणजे गावची ओसरी नव्हे!"

मुख्याध्यापक चिंतामण गुरुजींनी असं ठणकावून टेबलावर मूठ आपटली आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यावरची घंटा वाजली. कुणीतरी दर्शनाला आलं होतं. तिसरीचा वर्ग गेली सहा वर्षं मारुतीच्या देवळातच भरत होता.

समोर सरपंच अंबूबाई बसल्या होत्या. पंचाण्णव साली बायकांसाठी जागा राखीव निघाली, तेव्हा निवडून आलेल्या. नवी खोली झाली की संध्याकाळी तिथं बायकांना वाचायला शिकवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"आज बायका येतील, उद्या त्यांच्या शेळ्या येतील," गुरुजी म्हणाले. "पुढच्या सोमवारी ठराव पंचायत समितीत पोचला नाही, तर खोली शेजारच्या गावाला जाईल. अंगठा करा."

"अंगठा न्हाई. सही करीन. आन् वाचून करीन."

"आठ दिवसांत?"

"का? तुमी शिकवायला कमी पडताय व्हय?"

तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींना असं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की दोघं समोरासमोर बसू लागले. ग्रामसेवकाकडे पाच गावं, म्हणून ठराव गुरुजींनीच लिहिला. पेन्सिलीनं, म्हणजे बाईंनी वरून शाईनं गिरवला की झालं. एरवी खोडायची सोय त्यांना नामंजूर. खोडरबर हे विचार न करता लिहिणाऱ्यांचं हत्यार, असं म्हणत ते पोरांची खोडरबरं जप्त करून खिशात टाकीत.

अंबूबाई उसाला पाणी पाजून येत आणि जोडाक्षरांशी झोंबत. शनिवारी गुरुजींच्या लक्षात आलं, की आपण तासभर घड्याळ पाहिलेलं नाही. हे काही त्यांना आवडलं नाही.

रविवारी सुट्टी असूनही दोघं हजर होते. गिरवायची एकच ओळ उरली होती.

"ती मी गिरवतो. नेहमीचीच असते. तुम्ही खाली सही तेवढी करा."

अंबूबाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि ओळीवर बोट टेकवलं.

"खो-ली-चा वा-प-र... फक्त... मु-लां-सा-ठी."

"'फक्त' मी शिकवला नव्हता," गुरुजी हळूच म्हणाले.

"काल वडूजला जाताना यष्टीत वाचला की. 'फक्त स्त्रियांसाठी.' त्या बाकावर दोन बाप्ये बसल्यालं, आन् मी उबी."

घंटा वाजली. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"आवं गुरुजी," अंबूबाई म्हणाल्या, "आमच्या नातीचं खोडरबर तुमच्या खिशात हाय. तेवढं द्या."