चोचीपुढची डहाळी

"बाई, कोड्याला दोन उत्तरं येतायत," सेजल फोनवर म्हणाली. "मोराच्या चोचीपुढची ती डहाळी. वर झुकलेली काढली तरी बरोबर, खाली वाकलेली काढली तरी बरोबर."

विनोदिनीने कोड्याच्या चौकोनांची जाळी पुढे ओढली. डिचोलीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ती रविवारच्या पुरवणीसाठी अशी कोडी करी. कुठल्या ओळीत सलग किती घरं रंगवायची तो आकडा मूलद्रव्याच्या नावात लपवलेला. अणुक्रमांकाप्रमाणे हायड्रोजन म्हणजे एक, कार्बन म्हणजे सहा. सगळी घरं भरली की चित्र उमटे. सेजल पुरवणीचं काम बघे, आणि छापण्याआधी प्रत्येक कोडं स्वतः सोडवी.

चूक खरी होती. डहाळी दोनच तिरप्या घरांची, आणि आकडे दोन्हीकडून सारखेच.

"एक घर आधीच रंगवून देऊ का?" सेजलने विचारलं.

"कुठलं देऊ, तेच माहीत नाही."

पेडण्याकडच्या गावच्या देवळात हा मोर तिच्या वडिलांनी, पांडुरंग मेस्त्रींनी, भिंतीच्या चुन्यावरचा लाल मातीचा ओला थर खरवडून रेखाटला होता. त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. घरात एका लग्नाचा फोटो होता, त्यात मोर दिसे, पण डहाळीच्या जागी नवऱ्याचं बाशिंग.

दुसऱ्या दिवशी ती बसने गावी गेली. मोराच्या भिंतीवर आता छतापर्यंत गुळगुळीत टाइल्स होत्या.

"गेल्या वर्साच घातल्यो," देवस्थानचे बाबुराव कौतुकाने म्हणाले. "आता रंग लावूक नाका. फडको मारलो की झालां."

"मोराची डहाळी कशी होती, आठवतं का?"

"डहाळी आसली?"

चंद्रावती पायरीवर केरसुणी घेऊन बसली होती. चाळीस वर्षं देऊळ तीच झाडत होती. विनोदिनी तिच्याशेजारी टेकली.

"चंद्रावतीमावशी, तुम्ही तरी पाहिली असेल."

"बाये, म्हजी नदर सगळी जमनीर," चंद्रावती म्हणाली. "भितीर कोण पळयता? तुजो बापूय मातूर सामको वळखीचो. चुन्याच्या पायांनी भितर येयलो की हांव गाळी घालतालें." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "इतलेंच आठवता गो."

परतल्यावर विनोदिनीने वरचं घर लाल केलं. खालचंही करता आलं असतं. "आता एकच उत्तर येतं," सेजलने कळवलं.

रविवारी बाबुरावांचा फोन आला. नातीने कोडं सोडवलं होतं.

"विनोदिनीताय, डहाळी वयर. बरोब्बर तशीच आसली ती. पळयल्यार लगेच याद जाली."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? सगळ्यांक याद जाली. चंद्रावतीय म्हणता, तशीच."



"बरं झालं," विनोदिनी म्हणाली.

टेबलावर तिनेच रंगवून पाहिलेली दुसरी जाळी होती, डहाळी खाली वाकलेली. तिने ती फाडली नाही. कुठे ठेवावी, हेही तिला सुचेना.