हौसाच्या फळीवरचा गंगेचा गडू

मी गडू बोलतोय. तांब्याचा, बुटका, काशीत घडलेला. चौदा वर्षं माझं तोंड कथलाचा डाग देऊन बंद केलेलं होतं. रामानं जेवढी वर्षं वनवास भोगला तेवढी मी गप्प होतो, तेव्हा आता जरा जास्त बोललो तर चालवून घ्या.

माझं काम काय होतं, तर कोणीतरी मरायची वाट बघायची. माझ्या पोटात गंगेचं पाणी. घरात कोणाची शेवटची वेळ आली की डाग फोडायचा, तुळशीचं पान बुडवायचं आणि दोन थेंब तोंडात सोडायचे. म्हणून घरातली माणसं मला रोज हळदकुंकू लावत आणि मनात म्हणत, बाबा, तुझी गरज न पडो. धन्यानं ज्याची पूजा करायची आणि ज्याला काम सांगायची वेळ येऊ नये म्हणून देवाला साकडं घालायचं, असा नोकर तुम्ही दुसरा पाहिलाय का?

माझी धनीण हौसा. पनवेलच्या खाडीकाठी तिचं मिठागर होतं. तिचा नवरा काशीराम अमावास्येच्या उधाणात बांध सावरायला गेला आणि बांधासकट वाहून गेला. सापडला तेव्हा तोंडात चिखल आणि खारं पाणी. हौसाला त्याच्या जाण्यापेक्षा तेच जास्त लागलं. ‘माज्या माणसाला जाताना गोड पान्याचा थेंब नाय मिलाला,’ असं ती येईल त्याला सांगे. एक्केचाळीस दिवस झाले आणि तिनं ठरवलं, आपलं तसं होऊ द्यायचं नाही. गावातल्या चार बायका काशीला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती मोटारीनं ठाण्याला गेली आणि पुढं आगगाडीनं. साल अठ्ठेचाळीस. येताना तिच्या कडेला मी होतो. गाडीत एका गृहस्थानं चुकून मला पाय लावला, तर कल्याण येईपर्यंत तो बिचारा माफी मागत होता.

घरी आल्यावर देवाच्या फळीवर माझी जागा ठरली. आणि मग हौसानं मरायची तयारी सुरू केली. अगदी लग्नघरासारखी! नवं लुगडं घडी घालून पेटीत. तिरडीचे बांबू कोणत्या बेटातले तोडायचे ते मुलाला, शिवाला, दाखवून ठेवलेलं. कोणती नणंद खोटं रडेल आणि तिला कोणी आवरायचं तेही ठरलेलं. सून भामा कानावर हात ठेवी.

“आये, सकाली सकाली काय वो ह्ये?”

“मंग काय सांजच्याला बोलू? मरन काय पावना हाय, सांगावा धाडून येयाला?”

बोलायची ती हसत हसत. मरणाचं तिला भय नव्हतं, सुक्या तोंडानं मरायचं मात्र होतं.

या चौदा वर्षांत ती तीनदा मेली. एकदा हिवतापानं, एकदा इंगळी चावून, आणि एकदा गावजेवणात मटण जास्त झालं म्हणून. तिन्ही वेळा शिवानं मला खाली काढलं, कोयत्याचं टोक डागाला लावलं, आणि तिन्ही वेळा म्हातारीनं एक डोळा उघडून सांगितलं, “ठेव रं वर. अजून टाइम हाय.” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तयार होऊन बसावं आणि वरातच येऊ नये!

मग बासष्ट साल उजाडलं आणि साऱ्या जगाचीच वरात निघायची बातमी आली.

आठ ग्रह एका राशीत येणार, पौषाच्या अमावास्येला पृथ्वी बुडणार. गावात ही बातमी कमळाकरनं आणली. हा पनवेलच्या एका दुकानात कामाला होता, येताना शिळं वर्तमानपत्र आणायचा आणि पारावर वाचून दाखवायचा. त्यात जे नसे तेही वाचायचा. पनवेलात होम चालू होते, तूप जळत होतं, नामजप चालू होता. आमच्या गावानं वेगळा मार्ग धरला. जग जाणारच आहे तर कोंबड्या कशाला ठेवायच्या? आठवडाभर घराघरातून रश्शाचा वास येत होता. मिठाचा हंगाम नुकता लागला होता, पण मीठ ओढायला कोणी जाईना. बुडणाऱ्या जगाला मीठ कशाला?

एकटी हौसा रोज आगरात जाई. बरोबर चिंधी. ही डोंगराखालच्या वाडीतली कातकरीण, ती आणि तिचा नवरा काळू वीस वर्षं हौसाच्या आगरात राबत होते. काळू महिनाभर खोकल्यानं पडून होता, बांधावरच्या झोपडीत.

“हौसाबाय, घरी बसा की,” कमळाकर म्हणाला. “पाच दिस ऱ्हायलेत.”

“पाच दिस मंग काय माशा मारू? जग बुडंल तर बुडंल. नाय बुडलं तर तू आलनी भाकर खाशील का?”

अमावास्येला सकाळीच दारात माणसं जमली. गावात गंगा होती ती एकट्या माझ्या पोटात, हे सगळ्यांना त्याच दिवशी आठवलं. कमळाकर पुढारी. त्यानं बेत सांगितला: दुपारी सगळ्यांनी देवळात रांगेनं बसायचं, हौसानं प्रत्येकाच्या तोंडात एक थेंब सोडायचा, म्हणजे गाव सगळं एकदम तरून जाईल. माणसं धट्टीकट्टी, रात्रीच्या रश्शाचे ढेकर देत होती. मी मनात म्हटलं, आता आली का माझी पाळी!

हौसानं सगळं ऐकून घेतलं. “बरं. तुमच्या तोंडात मी घालीन. माज्या तोंडात कोन घालनार?”

“मी घालीन की.”

“तू तर आदी मेलेला असशील ना?”

रांगेतला शेवटचा माणूस कोण, यावर तिथंच भांडण जुंपलं. रांगेच्या शेवटी कोणालाच बसायचं नव्हतं.

तेवढ्यात चिंधी आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. हिनं काही मागितलं नाही. म्हणाली, “आय, आज मी कामाला नाय येत. त्याचा काय भरोसा नाय.”

हौसा उठली. फळीवरून तिनं मला उचललं, पदराखाली घेतलं, अंगणातल्या तुळशीचं पान खुडलं आणि बांधाची वाट धरली. मागनं भामा धावली, कमळाकर धावला.

“हौसाबाय, कातकऱ्याच्या तोंडात गंगा?”

“तुमी सगली मरनार मरनार म्हनताव. मरतंय तो एकटा.”

झोपडीत काळू चटईवर पडला होता. छाती भात्यासारखी चालू होती, डोळे मात्र हसरे. हौसाला बघून म्हणाला, “मालकीन, आज समदीच येनार म्हनत्यात वर. मी फुडं जातो. जागा धरून ठेवतो.”

“आगराच्या कडंची धर. मला वारा लागतो.”

तिनं चिंधीच्या कोयत्याचं टोक डागाला लावलं. टच्च आवाज झाला आणि चौदा वर्षांनी माझ्या तोंडाला वारा लागला. खरं सांगू? मी घाबरलो. आतलं पाणी नासलं असेल तर? आटलं असेल तर? पण पाणी होतं. हौसानं तुळशीचं पान बुडवलं, दोन थेंब सोडले. रीत झाली. ती मला कुडाशी ठेवणार, इतक्यात काळूनं ओठ चाटले.

“अजून.”

हौसा थांबली. आतलं बाकीचं पाणी तिचं होतं. त्याच्यासाठी ती काशीला गेली होती, त्याच्या जोरावर चौदा वर्षं मरणाची थट्टा करत होती. भामा हळूच म्हणाली, “आये, तुमच्या तोंडात मंग काय घालू?”

“त्याला तान लागलेय गो,” हौसा म्हणाली, आणि तिनं मला काळूच्या ओठांना लावून तिरकं केलं. तो घटाघटा प्यायला. शेवटचा थेंबही त्यानं सोडला नाही. मग डोळे मिटून म्हणाला, “गोड हाय.” ऊन कललं तेव्हा तो गेला.

जग काही बुडलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या रिकाम्या खुराड्यांकडे बघत बसले. हौसाचं मीठ तेवढं ढिगानं चमकत होतं. कमळाकर पसाभर मागायला आला, तिनं दिलं. “ग्रह सरकले का रं?” एवढंच विचारलं.

मला भामानं घासून फळीवर ठेवलं, रिकामा. मी खिन्न होतो. आता माझा उपयोग काय? हौसा मात्र त्यानंतर मरणाचं फारसं बोलेना, आणि मला तिची काळजी वाटू लागली.

तीन वर्षांनी, चैत्रात, ती खरंच पडली. या वेळी दोन्ही डोळे मिटलेले. शिवाला काशीला धाडायला वेळ नव्हता. भामा रडत मला घेऊन गावच्या विहिरीवर गेली, तर चैत्रात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालेलं. सासऱ्याच्या तोंडातल्या खाऱ्या पाण्याची गोष्ट तिनं सासूकडून वर्षानुवर्षं ऐकली होती. ती तशीच काठावर बसली. चिंधीनं तिला बघितलं, मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि वाडीमागच्या डोंगरातल्या झऱ्याकडे गेली. पाऊण तासाची वाट ती धावत गेली आणि भरला गडू सांडू न देता भराभर परतली.

कातकरणीनं भरलेला गडू! दारातल्या बायका कुजबुजल्या. भामानं कोणाकडे बघितलं नाही. चिंधीचा हात धरून तिला आत नेलं आणि सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, “आये, तोंड उघडा. गंगा हाय.”

हौसा दोन घोट प्यायली. मग तिचा एक डोळा उघडला.

“खोटारडी. गंगा काय एवडी गार असते?” तिनं चिंधीकडे बघितलं. “डोंगरातली ना गो? आदी ठाव असतं तर काशीचं भाडं वाचलं असतं.”

भामा रडता रडता हसली. चिंधीनं आणखी एक घोट दिला आणि हौसाचं डोकं हळूच मांडीवर घेतलं. त्या मांडीवरच ती गेली. तोंड ओलं होतं.

आता शिवा काशीला जायचं म्हणतोय. मला पुन्हा गंगेनं भरून, तोंडाला डाग देऊन आणणार आहे, भामासाठी. हल्ली मी दारातल्या माठाशेजारी असतो. आगरातून आलेली माणसं मला उचलतात, पितात, ठेवतात. कोणी हळदकुंकू लावत नाही. पोचे पडलेत, काठ झिजलाय.

शिवाला कोणीतरी सांगा, मला डाग देऊ नको म्हणावं. ज्याला मरायचंय तो त्याच्या वेळेला मरेल. तहान आज लागते.